पथ्य सांभाळून प्रवास

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली भाषा बहुतेक तशीच ठेवली आहे.)



सचिवांनी मला विषय दिला होता 'निवृत्तीनंतरचा प्रवास'. त्यात 'पथ्य' हा एक शब्द मी पदरचा घातला. कुठल्या महिन्यात कुठे जावं, कुठली टूर कंपनी बरी, हे तुम्ही सगळे माझ्यापेक्षा जास्त जाणता. पण आपल्या ६४ बिऱ्हाडांत निदान डझनभर माणसं अशी आहेत, की ज्यांचे हातपाय धड आहेत, गाठीला चार पैसे आहेत, हौसही आहे, तरी ती घराबाहेर पडत नाहीत. का हो येत नाही सहलीला, असं विचारलं तर म्हणतात, "गुडघे दुखतात." आता आपल्या वयात गुडघे कोणाचे दुखत नाहीत? खरं कारण पोटात असतं, आणि ते चारचौघांत सांगायचा संकोच वाटतो. आज मी त्या माणसांसाठी बोलणार आहे, आणि जे धडधाकट पोटाचे आहेत त्यांनाही थोडं ऐकवणार आहे.

आमच्या घरचंच उदाहरण घेतो. मला पासष्टीनंतर दूध चालेनासं झालं. माझ्या सौभाग्यवतींना ६२व्या वर्षी सिलिअॅक नावाचा आजार असल्याचं कळलं, म्हणजे गहू कायमचा बंद. याला आता आठ वर्षं झाली. या आठ वर्षांत आम्ही दोघांनी ११ लांबचे प्रवास केले. पुरी केली, मदुराई-रामेश्वर केलं, गढवालात जाऊन आलो, गया केली. त्यातला एक प्रवास वाईट गेला, तोही सांगतो. पण दहा चांगले गेले, हे आधी सांगतो.

प्रथम या दोन तक्रारींत फरक काय ते समजून घेऊ, कारण आपण सगळ्याला सरसकट 'अॅलर्जी' म्हणून मोकळे होतो. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती पचवायला आतड्यात लॅक्टेज नावाचं पाचक द्रव्य लागतं, आणि मोठेपणी पुष्कळांचं ते कमी होत जातं. मग दूध प्यायलं की पोट फुगतं, मुरडा येतो, जुलाब होतात. त्रास होतो, पण आतड्याला कायमची इजा होत नाही. शिवाय त्यात कमीजास्त असतं. दह्यात विरजणामुळे थोडी साखर आंबून जाते, म्हणून दही-ताक पुष्कळांना चालतं. तुपात ती जवळजवळ नसतेच. खवा, बासुंदी, रबडी यांत मात्र दूध आटवलेलं असल्यामुळे ती भरपूर. मी चहात दोन चमचे दूध घेतो, काही होत नाही. पेढा मात्र लांबूनच बघतो.

सिलिअॅकचं तसं नाही. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन असतं. सिलिअॅक असलेल्या माणसाच्या पोटात ते गेलं की शरीराची संरक्षण व्यवस्था स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याचं अस्तर खराब होतं, अन्न अंगी लागत नाही, रक्त कमी होतं, हाडं ठिसूळ होतात. इथे 'थोडंसं चालेल' हा प्रकारच नाही. पोळीचा चिमूटभर चुरासुद्धा नको. आणि तिसरी गोष्ट म्हणजे खरी अॅलर्जी, दाण्याची किंवा कोळंबीची. त्यात काही मिनिटांत घसा सुजून श्वास कोंडू शकतो. अशा माणसानं डॉक्टरांनी दिलेलं औषध खिशात ठेवल्याशिवाय जिनासुद्धा उतरू नये.

जाता जाता एक सूचना. गव्हानं त्रास होतो असा संशय असेल तर आपल्या मनानं गहू सोडू नका. सिलिअॅकची रक्ततपासणी आणि दुर्बिणीची तपासणी ही गहू खाण्यात चालू असतानाच करावी लागते. आधीच सोडला तर तपासणीत काही दिसत नाही, आणि निदान लटकतं. आधी डॉक्टर, मग पथ्य.

आता मुख्य अडचणीकडे येतो. तुम्ही म्हणाल, प्रवासात अडचण खाण्याची. मी म्हणतो, अडचण आग्रहाची. आपल्याकडे पानावर बसलेल्या माणसानं 'नको' म्हणणं म्हणजे यजमानाचा अपमान. "अहो, एवढंसं घ्या, काही होत नाही." "आमच्याकडचं तूप घरचं आहे." "देवाचा प्रसाद आहे, त्यानं कधी बाधा होते का?" हे बोलणारी माणसं प्रेमळ असतात, म्हणूनच त्यांना नाही म्हणणं कठीण. आणि चारदा नाही म्हटलं की पाठीमागे शेरा येतो, 'म्हातारपणी नखरे वाढले.' हा शेरा ऐकायला लागू नये म्हणून माणसं घरी बसतात.

पण गंमत बघा. आपल्याच समाजात एकादशीला साबुदाणा, वरी, राजगिरा वेगळा शिजतो. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्यांचं ताट वेगळं असतं. सहलीत जैन कुटुंब असेल तर आचारी न सांगता त्यांची भाजी बाजूला काढतो, कंदमुळं घालत नाही. कोणी त्यांना नखरे म्हणत नाही, म्हणूही नये. म्हणजे वेगळं शिजवणं आपल्याला जमतं. श्रद्धेनं सोडलेल्याला आपण मान देतो, डॉक्टरांनी सोडायला लावलेल्याला मात्र आग्रह करतो. हे काही बरोबर नाही. व्रत करणाऱ्याला जो मान, तोच पथ्य करणाऱ्याला द्यायला आपल्याला फार काही शिकावं लागणार नाही.

याचा प्रवासात प्रत्यक्ष उपयोगही होतो. उत्तर हिंदुस्थानात कुठल्याही आचाऱ्याला 'सिलिअॅक' सांगून उपयोग नाही. पण "व्रतवाला खाना मिलेगा क्या?" असं विचारलं की त्याला लगेच कळतं. नवरात्रात तर जागोजागी व्रताची थाळी मिळते. कुट्टू, शिंगाड्याचं पीठ, समा के चावल म्हणजे आपली वरी, आणि सैंधव मीठ. यात गहू नाही. फक्त एक विचारायचं, की कुट्टूची पुरी कुठल्या तेलात तळता? त्याच कढईत आधी समोसे तळले असतील तर उपयोग नाही. आणि माझ्यासारख्या दूधवाल्यानं या थाळीतल्या खिरीपासून सावध राहायचं.

नोकरीत असताना माझ्या लुधियाना, भुवनेश्वर आणि मदुराई अशा तीन बदल्या झाल्या. त्या वेळी बदलीच्या ऑर्डरी वाचून पोटात गोळा यायचा. आज मी बँकेचे आभार मानतो, कारण कुठल्या प्रांतात काय शिजतं हे आम्हाला घरात बसून शिकायला मिळालं. त्याचा सारांश सांगतो.

गहू ज्याला चालत नाही त्याला दक्षिण आणि पूर्व सोपी, कारण तिकडे तांदूळ. तामिळनाडूत इडली आणि वेन पोंगल, केरळात पुट्टू आणि आप्पम, ओरिसात भात-डाळमा आणि उन्हाळ्यात पखाळ, म्हणजे पाण्यात भिजवून आंबवलेला भात. पण तिथेही फसगत होते. रवा इडली, रवा डोसा, उपमा हे सगळे गव्हाचे. परोटा मैद्याचा. कर्नाटकात रागी मुद्दे मिळते, म्हणजे नाचणीच्या उकडीचा गोळा. गंमत म्हणजे हीच आपली नाचणी गढवालात 'मंडुआ' नावानं भेटते. तिथे मंडुआची भाकरी आणि झंगोरा नावाची बारीक तृणधान्याची खीर करतात. झंगोरा म्हणजे आपल्या वरीचा सख्खा भाऊ. आमच्या सौ.ना डोंगरातल्या एका छोट्या घरगुती खानावळीत गरम मंडुआची भाकरी मिळाली, तेव्हा त्या म्हणाल्या, "इतक्या लांब येऊन माहेरचं जेवले."

पंजाबात थंडीत मक्याची रोटी मिळते, पण ती थापायला सोपी जावी म्हणून त्यात कधी कधी गव्हाचं पीठ मिसळतात. तिथे गव्हाला 'कणक' म्हणतात, हे लक्षात ठेवा. कडा प्रसाद गव्हाच्या पिठाचाच असतो. लडाखला जाणार असाल तर तिथलं त्साम्पा हे जवाचं पीठ, म्हणजे सिलिअॅकला वर्ज्य. ईशान्येकडे भात भरपूर, पण मोमोचं आवरण मैद्याचं, आणि सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. बिहारात सत्तू चण्याचं असतं तसं जवाचंही असतं, विचारून घ्यावं. गयेला पिंडासाठी जवाचं पीठ हातानं मळावं लागतं. विधी करायला काहीच हरकत नाही, मात्र उठल्यावर साबणानं हात स्वच्छ धुवून मगच खावं.

दूध ज्याला चालत नाही त्याला उलट, किनारा सोपा. गोवा, कोकण, केरळ इथे नारळाचं दूध. केरळात अडा प्रधमन हे पायसम गूळ आणि नारळाच्या दुधाचं करतात, ते मला चालतं. पालडा पायसम गाईच्या दुधाचं, ते नाही. बंगालात मिठाई सगळी छेन्याची. मदुराईतलं प्रसिद्ध जिगरठंडा आटवलेल्या दुधाचं, तिथे दोन वर्षं काढूनही आता मी त्याच्या दुकानावरून हात जोडून पुढे जातो.

भाषेचा प्रश्न येतो. त्यावर उपाय म्हणजे चिठ्ठी. आम्ही पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर त्या त्या प्रांताच्या लिपीत चार ओळी लिहून घेतो. 'मला आजार आहे. गहू, मैदा, रवा, जव पोटात गेले तर मी आजारी पडते. भात, डाळ, भाजी चालते. कृपया वेगळा चमचा वापरा.' ओळखीच्या माणसाकडून लिहून घ्यायची, म्हणजे भाषा नीट राहते. गव्हाला तमिळमध्ये गोदुमै, कानडीत गोधी, तेलुगूत गोधुम, मल्याळममध्ये गोदंबु, बंगालीत गम, गुजरातीत घउं, ओडियात गहम. एवढे शब्द तोंडपाठ असले तरी काम होतं. आणि दूधवाल्यांनी एक ध्यानात ठेवा, ओडियात 'खीर' म्हणजे साधं दूध. आपली खीर ती तिकडे 'खिरी'.

चिठ्ठी मालकाच्या नव्हे, आचाऱ्याच्या हातात द्यायची. इथे मी तो वाईट प्रवास सांगतो. उत्तरेतल्या एका यात्रेच्या गावी आम्ही एका उपाहारगृहात गेलो. नेहमीप्रमाणे आचाऱ्याला भेटायचं म्हटलं. मालक म्हणाला, "तो कामात आहे, मी सांगतो ना. दालमध्ये गहू कशाला असेल?" सौ.नी दाल-भात खाल्ला. रात्री सुरू झालं ते तीन दिवस त्या खोलीत पडून. पहाटेची नावेतली फेरी, ज्याच्यासाठी आम्ही गेलो होतो, ती राहिली. परतताना मी आचाऱ्याला गाठलं. तो बिचारा सरळपणे म्हणाला, "डाळ पातळ झाली म्हणून थोडं पीठ लावलं." त्याला कोणी विचारलंच नव्हतं. मालकानं त्याच्या वतीनं उत्तर दिलं होतं.

बँकेत कर्ज देताना आम्ही "कर्ज फेडाल ना?" असं विचारत नसू. त्याचं उत्तर 'हो'च येतं. आम्ही विचारायचो, "उत्पन्न कुठून येतं?" तसंच इथे. "गहू आहे का?" असं विचारलं की उत्तर 'नाही'च येतं. "यात काय काय घातलंत?" असं विचारायचं. माणूस एकेक जिन्नस मोजायला लागतो आणि मधेच पीठ निघतं.

आणखी एक लपलेला चोर म्हणजे हिंग. शुद्ध हिंग झाडाचा डिंक असतो. तो फार उग्र, म्हणून बाजारातल्या नेहमीच्या हिंगात पीठ मिसळलेलं असतं. कधी तांदळाचं, पुष्कळदा गव्हाचं. म्हणजे सांबार, आमटी, रसम, लोणचं, सगळीकडे शंका. सौ. तांदळाच्या पिठाच्या हिंगाची डबी जवळ ठेवतात आणि बाहेर फोडणी न घातलेली डाळ मागतात. तसंच आपल्या घरच्या पदार्थांचं. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, मेतकुटात असतो. ज्वारीचं पीठसुद्धा गिरणीत गव्हावर दळलेलं असेल तर उपयोगाचं नाही. आम्ही घरघंटी घेतली, वर्षाला चार प्रवासांची तयारी त्यावरच होते.

पाकिटातल्या पदार्थांवर हिरवा ठिपका बघून समाधान मानू नका. तो फक्त शाकाहारी एवढंच सांगतो. दूध आणि गहू दोन्ही शाकाहारी. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांप्रमाणे ग्लुटेन असलेली धान्यं, दूध, दाणे, सोया वगैरे असतील तर पाकिटावर वेगळी सूचना द्यावी लागते. अक्षर बारीक असतं, म्हणून भिंग बरोबर ठेवा. 'ग्लुटेन-फ्री' लिहायचं तर किलोला २० मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन असता कामा नये, असा नियम आहे. मात्र ही पाकिटं महाग. आपली ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ ही जन्मजात ग्लुटेन-फ्री आहेत, आणि त्यांच्यासाठी इंग्रजी नावाचे पैसे मोजावे लागत नाहीत.

आता रेल्वेचं. ज्येष्ठांची तिकिटातली सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, त्याचं दुःख आपण या कट्ट्यावर पुरेसं केलेलं आहे. पण खालच्या बर्थचा कोटा आहे, पुरुषांना ६० आणि स्त्रियांना ४५ वर्षांपासून. पोटाची तक्रार असणाऱ्यानं तो आवर्जून मागावा, रात्री तीनदा उठायचं तर वरून उतरण्यात हाड मोडायचं. राजधानी, शताब्दी, वंदे भारत अशा गाड्यांत तिकीट काढतानाच जेवण नको असं सांगता येतं. तेवढे पैसे वाचतात आणि आपला डबा आपण खातो. इतर गाड्यांत आयआरसीटीसीच्या ई-केटरिंगवरून पीएनआर नंबर देऊन पुढच्या मोठ्या स्टेशनावर इडली किंवा दहीभात मागवता येतो. फोननं मागवायचं तर १३२३. नातवाकडून एकदा शिकून घ्या, मग सोपं आहे. डब्यातल्या चार्जिंगच्या जागी मात्र विजेची किटली लावू नका. त्याला बंदी आहे, आणि ते धोक्याचंही आहे. किटली हॉटेलच्या खोलीसाठी.

विमानात ज्या कंपन्या जेवण देतात, त्यांच्याकडे ग्लुटेन नसलेलं, दूध नसलेलं, मधुमेहींचं अशी वेगळी ताटं असतात. पण ती आधी, बहुधा किमान २४ तास आधी नोंदवावी लागतात. विमानात बसल्यावर मागितली तर मिळत नाहीत.

आमची पिशवी सांगतो, बायकांना उपयोगी पडेल. भाजके पोहे आणि घरचा चिवडा, राजगिऱ्याचे लाडू, दाण्याची चिक्की, खाकऱ्यासारखी कडक भाजलेली ज्वारीची भाकरी, नाचणीचं सत्त्व, भाजलेल्या तांदळाचं आणि मुगडाळीचं मिश्रण, आणि छोटा विजेचा कुकर. खोलीत २० मिनिटांत मऊ खिचडी होते. दशमी ज्वारीची असली तरी दुधात भिजवतात, म्हणून ती सौ.ना चालते, मला चालत नाही. एकाच घरात दोन पथ्यं, तरी संसार चाललाय. केळी, पेरू, संत्री ही सोलून किंवा धुऊन खायची फळं गावोगाव मिळतात.

औषधांबद्दल तीन गोष्टी. एक, औषधं हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही. दोन, डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत, एक आपल्याकडे, एक जोडीदाराकडे. काही गोळ्यांतसुद्धा भरण म्हणून लॅक्टोज असतं, फार त्रास होणाऱ्यांनी केमिस्टला विचारावं. दूध पचवायच्या लॅक्टेजच्या गोळ्याही मिळतात, डॉक्टरांना विचारून जेवणाच्या सुरुवातीला घ्यायच्या. तीन, ओआरएसची पाकिटं. आपल्या वयात जुलाबांनी माणूस खचतो तो अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यामुळे. तहान नीट लागत नाही, आणि संध्याकाळपर्यंत चक्कर येऊन पडतो. एक लिटर शुद्ध पाण्यात पाकीट घालून घोट घोट प्यायचं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मूत्रपिंडाचा, हृदयाचा किंवा साखरेचा त्रास असलेल्यांनी प्रमाण आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावं. आणि रक्त पडलं, ताप आला किंवा लघवी कमी झाली तर सहल थांबवून सरळ दवाखाना गाठावा.

आता प्रसादाचं. ही सगळ्यांत नाजूक गोष्ट. सौ.नी स्वतःपुरती एक रीत ठरवली. प्रसाद दोन्ही हातांत घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि माझ्या हातावर ठेवायचा. पेढा असेल तर मी तो त्यांच्या हातावर ठेवतो. देवाला दोघांचाही नमस्कार पोचतो. पुरीला आम्ही आनंद बाजारात गेलो. तिथे मातीच्या भांड्यांत, लाकडाच्या चुलीवर शिजलेला महाप्रसाद मिळतो. खाजा मैद्याचा, तो सौ.नी कपाळाला लावून मला दिला. पण साधा भात होता. तो त्यांनी जमिनीवर बसून, अनोळखी माणसांच्या पंक्तीत, हातानं खाल्ला. आजार कळल्यानंतर परक्या पंक्तीत पोटभर जेवायची ती त्यांची पहिली वेळ. त्या काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. पण त्या दिवशी मला कळलं, की पथ्य असलेल्या माणसाला पदार्थ हवा असतो त्याहून जास्त पंक्तीत जागा हवी असते.

म्हणूनच आज समितीपुढे माझी चार मागण्यांची यादी आहे. सोसायटीला २५ वर्षं पूर्ण झाल्याबद्दल आपण कार्तिकात वाराणसी-प्रयागची सहल ठरवतो आहोत. काशीचं खाणं म्हणजे कचोरी, जिलबी, बाटी, लस्सी, मलइयो. अर्धं गव्हाचं, अर्धं दुधाचं. आमच्या घराला अगदी उलटं. पण तिकडे भातही पिकतो, थंडीच्या सुरुवातीला मटार घातलेले पोहे म्हणजे चूडा-मटर मिळतं. त्यात कधी दूध-साय घालतात, तेवढं विचारायचं. प्रयागचे पेरू तर नामांकित आहेत. म्हणजे जमण्यासारखं आहे, फक्त तयारी हवी.

पहिली मागणी, सहलीच्या फॉर्मवर एक रकाना वाढवा. 'काय चालत नाही, आणि चुकून खाल्लं तर काय होतं.' वय आणि रक्तगट विचारता, तसंच हेही. उत्तर फक्त सहलप्रमुखाकडे राहील. टूरवाल्याला ते पैसे भरण्याआधी लेखी कळवा. तोंडी आश्वासनावर आम्ही बँकेत कधी कुणाला चेकबुकही दिलं नाही.

दुसरी, रोज एका वेळेला साधा भात, फोडणी न दिलेलं वरण आणि एक उकडलेली भाजी. ती सकाळी पहिल्यांदा, कणीक बाहेर काढायच्या आधी शिजवावी, झाकून ठेवावी आणि तिचा डाव वेगळा असावा. डावाच्या दांड्याला लाल दोरा बांधला तरी पुरे. याला खर्च जवळजवळ नाही.

तिसरी, बस दर दोन तासांनी थांबेल, कोणी सांगो न सांगो. आपल्या सोसायटीतल्या एका ताई मागच्या सहलीत दोन दिवस केळ्यांवर राहिल्या आणि पाणीसुद्धा घोटभर प्यायल्या, का, तर बस थांबवायला सांगायची लाज. हे त्यांच्या परवानगीनं सांगतोय. परत आल्यावर त्यांना सलाइन लावावं लागलं. यंदा त्यांनी नाव दिलेलं नाही. बस आपोआप थांबणार असेल तर त्या नाव देतील, असं त्यांनी मला सांगितलंय.

चौथी मागणी समितीकडे नाही, तुम्हा सगळ्यांकडे आहे. आग्रह एकदाच करायचा. समोरचा 'नको' म्हणाला की विषय संपला. कारण विचारायचं नाही, वैद्यकीय सल्ला द्यायचा नाही, आपल्या मावसभावाला कशानं बरं वाटलं ते सांगायचं नाही. त्याऐवजी शेजारी बसायला बोलवायचं. "तुम्ही तुमचा डबा काढा, आम्ही आमची कचोरी खातो, या इकडे." एवढं वाक्य पुरतं.

आपण २५ वर्षांपूर्वी इथे राहायला आलो तेव्हा पन्नाशीच्या आसपास होतो. पहिल्या गणपतीपुळ्याच्या सहलीला दोन बस भरल्या होत्या, आणि रात्री ११ वाजता आपण भजी तळायला लावली होती. ती पोटं आता राहिली नाहीत, पण माणसं तीच आहेत. फॉर्म या रविवारपर्यंत ऑफिसात मिळतील. ज्यांनी गुडघ्यांचं कारण सांगून नाव दिलेलं नाही, त्यांनी एकदा माझ्याकडे चहाला यावं. बिनदुधाचा मिळेल, दुधाचाही मिळेल. नवा रकाना आपण बसून भरू.